पेट्री जाळ्यांची सामाईक भाषा

‘पेट्री’ म्हटले की प्रयोगशाळेत जिवाणू वाढवण्याची काचेची बशी आठवते. ती यूलियस रिचर्ड पेट्री यांची, १८८७ सालची. ‘पेट्री जाळे’ मात्र दुसऱ्याच पेट्रींचे. जर्मन गणितज्ञ कार्ल आडाम पेट्री यांनी १९६२ च्या आपल्या प्रबंधात त्याचा पाया घातला.

हे जाळे दिसायला साधे असते. वर्तुळ म्हणजे स्थिती, चौकट म्हणजे घटना, त्यांना जोडणारे बाण आणि वर्तुळांत ठेवलेले ठिपके म्हणजे टोकन. ज्या वर्तुळांतून एखाद्या चौकटीकडे बाण येतात, त्या सर्वांत पुरेसे ठिपके असले तरच ती घटना घडू शकते. ती घडली की ते ठिपके खर्ची पडतात आणि पुढच्या वर्तुळांत नवे येतात.

एका छोट्या रुग्णालयाचे उदाहरण घेऊ. शस्त्रक्रियागृह एकच आणि अतिदक्षता विभागात खाटही एकच. शस्त्रक्रिया आटोपलेल्या रुग्णाला ती खाट हवी आहे. पण खाटेवरच्या रुग्णाला तातडीने शस्त्रक्रियागृहात न्यायचे आहे. दोघेही एकमेकांसाठी अडून बसतात. जाळ्यात एकही घटना घडू शकत नाही अशी ही कोंडी प्रत्यक्षात उद्भवण्याआधीच संगणक शोधून काढू शकतो.

अडचण होती ती वेगळीच. जाळे रेखाटण्यासाठी एक सॉफ्टवेअर सोयीचे, तर पडताळणीसाठी दुसरे. आणि प्रत्येकाची फाइल वेगळ्या पद्धतीची. एकाचे चित्र दुसऱ्याला वाचता येत नसे. मग तेच जाळे पुन्हा हाताने काढावे लागे. त्यात एक बाण राहून गेला, तरी पडताळणी होई ती भलत्याच जाळ्याची. ‘कोंडी नाही’ हा निर्वाळा मग बिनकामाचा ठरे.

यावर तोडगा म्हणून २००० च्या सुमारास संशोधकांनी ‘पेट्री नेट मार्कअप लँग्वेज’ म्हणजे ‘पीएनएमएल’ घडवायला घेतली. २०११ मध्ये ती आयएसओ/आयईसी १५९०९ या आंतरराष्ट्रीय मानकाचा दुसरा भाग झाली. एक्सएमएलवर आधारलेल्या या फाइलमध्ये प्रत्येक वर्तुळ, चौकट आणि बाण यांना स्वतंत्र ओळखखूण असते. कोणता बाण कुठून कुठे जातो हे स्पष्ट लिहिलेले असते. चित्रातील जागा वेगळी नोंदवली जाते, त्यामुळे वर्तुळ डावीकडे सरकवले तरी जाळ्याचा अर्थ बदलत नाही. एखाद्या सॉफ्टवेअरला स्वतःपुरती काही माहिती जोडायची असेल, तर तिच्यासाठी राखीव कप्पा आहे. इतरांनी तो ओलांडून पुढे जावे.

मात्र याच सोयीत धोकाही आहे. २०११ च्या त्या भागात घटनेला लागणारा वेळ दाखवणाऱ्या जाळ्यांची तरतूद नव्हती. शस्त्रक्रियेला लागणारे तास त्या राखीव कप्प्यात नोंदवले, तर दुसरे सॉफ्टवेअर फाइल विनातक्रार उघडेल. पण तासांचा हिशेब धरणारच नाही.

तरीही सामाईक भाषेमुळे तुलना शक्य झाली. ‘मॉडेल चेकिंग कॉन्टेस्ट’ या स्पर्धेत पीएनएमएलमधील तेच नमुने वेगवेगळ्या पडताळणी साधनांपुढे ठेवले जातात. दोघांची उत्तरे जुळली नाहीत, तर कुणाचे तरी चुकले आहे हे उघड होते. एकट्या साधनाच्या उत्तरावर विसंबून राहिले असते, तर ती चूक कदाचित कुणाच्या लक्षातही आली नसती.