भांडे अडचणीचे, रचना देखणी!

इकेबाना या जपानी पुष्परचनेत फुलांइतकेच महत्त्व भांड्याला असते. मात्र, त्यासाठी महागडी फुलदाणीच हवी असे नाही. जपानी चहाविधीचे आचार्य सेन नो रिक्यू यांनी १५९० मध्ये बांबू कापून फुलपात्र तयार केले. त्याला उभा तडा असूनही ते टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आजवर जपले गेले आहे.

घरातील तांब्या, परात किंवा माठ यांतही अशी रचना साधता येते. अडचण असते ती देठ उभे राहण्याची. रुंद तोंडाच्या तांब्यात देठ एका बाजूला कलंडतात. अशा वेळी काठाच्या किंचित खाली दोन काड्या फुलीच्या आकारात घट्ट बसवाव्यात. देठ त्या फुलीला आणि आतील भिंतीला टेकला की स्थिर राहतो. काच किंवा पातळ माती दाबाने तडकू शकते. तेथे देठाचे टोक चिरून त्यात आडवी काडी अडकवावी.

परातीसारख्या उथळ भांड्यात ‘केन्झान’ हा पितळी सुयांचा जड ठोकळा वापरतात. तो मध्यभागी न ठेवता एका कडेला ठेवावा. उरलेले मोकळे पाणी हाही रचनेचाच भाग मानला जातो. केन्झानचा तळ बहुधा शिशाचा असल्याने स्वयंपाकाचे भांडे त्यासाठी वापरू नये. झिरपणाऱ्या माठात पाण्याचा लहान डबा दडवावा. भांडे हलके असल्यास तळाशी गोटे टाकावेत.

फांदीची लांबी भांड्यावरून ठरते. १९२७ मध्ये सोफू तेशिगाहारा यांनी स्थापन केलेल्या सोगेत्सू संप्रदायाच्या मूलभूत रचनेत भांड्याची उंची व रुंदी यांच्या बेरजेच्या दीडपट मुख्य फांदी घेतात. दुसरी फांदी तिच्या पाऊणपट असते. तांब्या १५ सेंटिमीटर उंच व १३ सेंटिमीटर रुंद असेल, तर मुख्य फांदी ४२ सेंटिमीटरची आणि दुसरी सुमारे ३१ सेंटिमीटरची होईल.

भांडे निवडताना एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळायला हवे. रोहा तालुक्यातील धाटाव येथे रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत आहे. अशा कारखान्यांतून बाहेर पडलेले पिंप किंवा कॅन आकाराने कितीही आकर्षक वाटले, तरी ते घरी आणू नयेत. घातक रसायनांनी दूषित झालेली रिकामी पिंपे २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतात. घरी धुतल्याने ती सुरक्षित होतीलच असे नाही.

साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंगीचा प्रसार करणारे एडिस डासही वाढतात. त्यामुळे पाणी दर दोन दिवसांनी बदलून भांडे आतून घासावे. त्याच वेळी देठाचे टोक पाण्याखाली तिरके कापल्यास फुलेही अधिक काळ टवटवीत राहतात.