शिकवण्याआधी पाहायला शिका

हातात कोरी टाचणवही, पर्समध्ये खडूंची पेटी आणि पोटात भीतीचा गोळा! शाळेतल्या नोकरीचा पहिला दिवस बहुतेक शिक्षकांना असाच आठवतो. डी.एड. किंवा बी.एड.च्या सराव पाठांच्या वेळी मागच्या बाकावर मार्गदर्शक बसलेले असतात. त्यामुळे मुलेही पाहुण्यांसमोर वागावे तशी शहाण्यासारखी वागतात. पण वर्गाचे दार लोटल्यावर समोर चाळीस मुले आणि आपण एकटे, याची तयारी कोणी करून घेतलेली नसते. पहिल्याच सहामाहीत घसा बसतो, वह्यांचे गठ्ठे घरी येतात, एखाद्या दुपारी वर्ग पार हाताबाहेर जातो आणि मनात येते, 'हा पेशा आपल्यासाठी नाहीच!'

असे वाटणाऱ्या प्रत्येकाने मद्रासची, म्हणजे आजच्या चेन्नईची, एक जुनी हकिकत जरूर वाचावी.

वाळूतली अक्षरे

१७८९ साली अँड्र्यू बेल या स्कॉटिश धर्मोपदेशकाकडे मद्रासच्या एग्मोर भागातील एका शाळेची सूत्रे आली. गोऱ्या सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी ही शाळा होती. तिथे नुसती मुळाक्षरे शिकवायलाही फार काळ लागत असे. हाताखालचे शिक्षक मुलांना दोष देत आणि बेल शिक्षकांवर नाराज असे.

एके दिवशी जाता जाता बेलला एक गावठी शाळा दिसली. तिथली मुले जमिनीवर बसून वाळूत बोटाने अक्षरे गिरवत होती. आपल्याकडच्या जुन्या धूळपाटीचाच हा प्रकार. पाटी नको, पेन्सिल नको, चुकले तर हात फिरवला की झाले. आपल्या शाळेतही हेच करून पाहावे, असे बेलने ठरवले. शिक्षकांना मात्र ही कल्पना मुळीच रुचली नाही. मग बेलने सर्वांत लहान मुलांचा वर्ग जॉनी फ्रिस्केन नावाच्या जेमतेम आठ वर्षांच्या विद्यार्थ्याकडे सोपवला. जे मोठ्यांना जमले नव्हते, ते त्या पोराने करून दाखवले! अक्षर अडते कुठे, हे त्याला नीट ठाऊक होते, कारण तो स्वतः नुकताच तिथे अडखळला होता.

१७९७ मध्ये बेलने या प्रयोगाचा अहवाल लंडनमध्ये प्रसिद्ध केला आणि 'मद्रास पद्धत' दूरवर पोहोचली. स्कॉटलंडमधील त्याच्या जन्मगावी, सेंट अँड्र्यूज येथे, आजही 'मद्रास कॉलेज' या नावाची शाळा आहे. पुढे इंग्लंडमधल्या गजबजलेल्या शाळांतून याच पद्धतीची स्वस्तातली घोकंपट्टी झाली, हेही खरे. युक्ती तीच राहिली, पण मुलांकडे पाहणारी नजर हरवली.

फळा खाली आला

याच शहराने दोनशे वर्षांनंतर पुन्हा असा प्रयोग केला. २००३ मध्ये चेन्नई महापालिकेच्या १३ शाळांत कृतियुक्त अध्ययनाची सुरुवात झाली. आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅलीच्या कामातून तिची प्रेरणा घेतली होती. पुढे ती तमिळनाडूभरच्या प्राथमिक शाळांत पोहोचली. वर्गात मुले चटईवर गटागटाने बसत, आपापली कार्डे घेऊन आपल्या गतीने पुढे जात. भिंतीवरचा फळा खाली, मुलांच्या हाताला येईल इतक्या उंचीवर आला. शिक्षकही खुर्ची सोडून चटईवर बसू लागले. वर्षानुवर्षे टेबलामागे उभे राहून शिकवलेल्यांना हा बदल सोपा नव्हता. पण खाली बसल्यावर प्रत्येक मूल नेमके कुठे अडते, हे जवळून दिसू लागले.

नव्या शिक्षकाला पहिल्या दोन-तीन वर्षांत हेच साधायचे असते. सुरुवातीला आपले सारे लक्ष स्वतःकडे असते. माझा आवाज पोहोचतो का, माझा फळा नीटनेटका आहे का, मुख्याध्यापक काय म्हणतील? ही काळजी स्वाभाविकच आहे. पण नजर स्वतःवरून मुलांकडे वळली की खरे शिकवणे सुरू होते.

हे करून पाहा

● पहिल्या पंधरवड्यात सर्व मुलांची नावे पाठ करा. नावाने हाक मारली की निम्मी दंगल आपोआप शमते.

● रोज फक्त दोन मुलांच्या वह्या त्यांच्या शेजारी बसून पाहा. 'चूक' असा शेरा मारण्याआधी 'हे उत्तर कसे काढलेस?' असे विचारा.

● आरडाओरडा करून वर्ग शांत होत नाही, फक्त घसा जातो. बोलणे थांबवून क्षणभर उभे राहा. छडीचा तर विचारही नको. शिक्षण हक्क कायद्यानुसार २०१० पासून शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना बंदी आहे.

● ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या तासाला मागे बसण्याची परवानगी मागा. मदत मागण्यात कमीपणा नाही.

● पालकांशी पहिली भेट तक्रारीसाठी नको. मुलाची एखादी चांगली गोष्ट आधी सांगा.

● टाचणवहीच्या शेवटच्या पानावर रोज एकच ओळ लिहा: आज कोणाला काय समजले नाही? दुसऱ्या दिवशीचा पाठ तिथूनच सुरू करा.

ज्यांचा जन्मदिन ५ सप्टेंबरला आपण १९६२ पासून शिक्षक दिन म्हणून साजरा करतो, त्या डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांची अध्यापनाची सुरुवातही याच शहरात, १९०९ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात झाली. नोकरी लागल्यावर तेसुद्धा सैदापेटच्या अध्यापक महाविद्यालयात प्रशिक्षणासाठी गेले होते. तेव्हा पहिल्या वर्षी वर्ग हाताबाहेर गेला म्हणून खचून जाऊ नका. उद्या खुर्ची थोडी बाजूला सारा आणि मागच्या बाकावरच्या त्या गप्प मुलाशेजारी जाऊन बसा. तुमचा पुढचा धडा कदाचित तोच तुम्हाला शिकवील.