शिक्षकाची पुनर्स्थापना आणि संस्थेचे आव्हान : मागील वेतनाचा प्रश्न

सेवेतून कमी केलेल्या शिक्षकाच्या बाजूने न्यायाधिकरणाचा निर्णय लागला म्हणजे प्रश्न सुटला, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात संस्था त्या निर्णयाला आव्हान देते आणि बिनपगारी काळ लांबत जातो. प्रस्तुत लेखात या आव्हानाचे स्वरूप आणि त्या काळातील वेतन यांचा विचार केला आहे.

लोणावळा वा तळेगाव दाभाडे येथील खाजगी शाळेतील किंवा कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षकाला बडतर्फ केल्यास महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ च्या कलम ९ अन्वये त्याला ३० दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. वरिष्ठ महाविद्यालयांसाठी विद्यापीठ कायद्याखाली स्वतंत्र न्यायाधिकरण आहे. अपिलाचा हा अधिकार कर्मचाऱ्याचा आहे, संस्थेचा नव्हे. १९७७ च्या अधिनियमाचे कलम १२ न्यायाधिकरणाचा निर्णय अंतिम ठरविते. त्यामुळे ‘संस्था अपिलात गेली’ हे स्टाफरूममधील वाक्य काटेकोरपणे पाहता चुकीचे आहे. संस्था जाते ती संविधानाच्या अनुच्छेद २२६ वा २२७ खाली रिट याचिका घेऊन. तेथे पुराव्याची नव्याने छाननी सहसा होत नाही. न्यायाधिकरणाने अधिकारकक्षा ओलांडली काय, उघड चूक केली काय, एवढेच पाहिले जाते. कोल्हापूरचे सर्किट बेंच २०२५ मध्ये सुरू झाले, परंतु पुणे जिल्हा त्यात नसल्याने मावळच्या शिक्षकाला घाट उतरून मुंबईच गाठावी लागते.

या काळात त्याने जगावे कसे? तळेगावच्या औद्योगिक वसाहतीतील कामगाराची स्थिती येथे तुलनेने बरी आहे. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मध्ये १९८२ च्या दुरुस्तीने कलम १७-ब घालण्यात आले व ते १९८४ पासून अमलात आले. पुनर्स्थापनेच्या निवाड्याविरुद्ध मालक उच्च वा सर्वोच्च न्यायालयात गेला, तर प्रकरण प्रलंबित असेपर्यंत त्याने कामगाराला शेवटच्या दराने पूर्ण वेतन द्यावयाचे. कामगाराने आपण अन्यत्र नोकरीस नसल्याचे प्रतिज्ञापत्र करावयाचे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ही तरतूद आहे. मात्र शिक्षक हा ‘कामगार’ नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात १९८८ साली ठरविले. परिणामी हे संरक्षण शिक्षकाला मिळत नाही आणि त्याची सारी भिस्त अखेरीस मिळणाऱ्या मागील वेतनावर राहते.

या दृष्टीने औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील प्रकरण मुळातून वाचण्यासारखे आहे. प्राथमिक शाळेतील एका शिक्षिकेला २००६ मध्ये निलंबित करण्यात आले व एकतर्फी चौकशीनंतर २००७ मध्ये तिची सेवा संपविण्यात आली. न्यायाधिकरणाने २००९ मध्ये तो आदेश रद्द करून पूर्ण मागील वेतनासह पुनर्स्थापना दिली. संस्थेच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने पुनर्स्थापना कायम ठेवली, पण मागील वेतन काढून घेतले. कारण, आपण अन्यत्र कमावत नव्हतो हे तिने सिद्ध केले नाही. वस्तुतः ‘नव्हते’ ते सिद्ध करणे किती अवघड असते, हे निराळे सांगावयास नको.

क्रांती कनिष्ठ अध्यापक महाविद्यालय व इतर यांच्याविरुद्धच्या या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने १२ ऑगस्ट २०१३ रोजी हा भार उलट फिरविला. सेवासमाप्ती बेकायदा ठरल्यास सेवासातत्य व मागील वेतनासह पुनर्स्थापना हाच सामान्य नियम होय, असे न्या. सिंघवी व न्या. गोपाल गौडा यांच्या खंडपीठाने सांगितले. कर्मचाऱ्याने आपण नोकरीस नव्हतो असे कथन करावे. तो अन्यत्र तेवढेच कमावत होता असे संस्थेचे म्हणणे असल्यास ते संस्थेने सिद्ध करावे. चार महिन्यांत पूर्ण वेतन न दिल्यास निलंबनाच्या तारखेपासून दरसाल ९ टक्के व्याज द्यावे लागेल, असाही आदेश झाला.

तरीही ‘सामान्य नियम’ म्हणजे सरसकट हक्क नव्हे. सेवेचा कालावधी, गैरवर्तनाचे स्वरूप, संस्थेची आर्थिक स्थिती यांकडे न्यायालय पाहू शकते. हिंदुस्तान टिन वर्क्स प्रकरणात (१९७८) पूर्ण वेतनाचे तत्त्व मान्य होऊनही प्रत्यक्षात ७५ टक्केच देण्यात आले होते. शिवाय ते कथन अभिलेखावर असावे लागते. घाईत तयार केलेल्या अपिलात सेवासमाप्ती कशी बेकायदा आहे यावर पानेच्या पाने असतात आणि आपण तेव्हापासून बेकार आहोत, हे एक वाक्य राहून जाते. ते पहिल्याच अपील अर्जात, शक्य तर प्रतिज्ञापत्रासह, लिहावयास हवे.