पोळं कुणाच्या वाट्याला?

मध म्हटलं की तोंडाला पाणी सुटतं. पण एक गेम असा आहे, ज्यात पोळं जवळ येताना दिसलं की भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो! नाव ‘हनीकोंब हॅवक’. निन्टेन्डोच्या ‘मारिओ पार्टी २’मधला हा छोटासा मिनिगेम. जपानमध्ये तो आला १९९९च्या डिसेंबरात, अमेरिकेत २०००च्या जानेवारीत. आज पंचवीस वर्षांनंतरही तो शनिवारच्या रात्री मैत्रीत मिठाचा खडा टाकतोय.

नियम अगदी बाळबोध. चार खेळाडू, एक झाड, आणि एकामागोमाग एक येणारी फळं. आपली पाळी आली की उडी मारून डोक्यावरच्या ठोकळ्याला टक्कर द्यायची. ठोकळ्यावर आकडे दोनच, १ आणि २. जो आकडा लागेल तितकी फळं घ्यायची. पण फळांच्या रांगेत मधूनच पोळं असतं. ते ज्याच्या वाट्याला आलं, त्याच्या मागे मधमाश्या लागल्याच म्हणून समजा. तो आउट! शेवटी उरेल तो जिंकला.

नशिबाचा खेळ? छे!

पहिल्यांदा खेळणाऱ्याला वाटतं, सगळा लकचा मामला आहे. पण वेळ साधून टक्कर मारली की हवा तो आकडा मिळतो. म्हणजे हा खरा मोजणीचा खेळ, ‘निम’ या जुन्या खेळाच्या कुळातला. त्या निमचं गणित हार्वर्डच्या चार्ल्स बूटन यांनी १९०१मध्येच मांडून ठेवलंय.

दोघंच उरलेत असं समजा. तुमची पाळी आहे आणि पोळ्याच्या आधी तीन फळं आहेत. संपलं! तुम्ही एक घेतलं तर समोरचा दोन घेणार, तुम्ही दोन घेतली तर तो एक घेणार. पोळं तुमच्याच गळ्यात. सहा किंवा नऊ फळं असली तरी तीच गत. म्हणून फंडा सोपा आहे: समोरच्यासाठी नेहमी तिनाच्या पाढ्यातला आकडा शिल्लक ठेवायचा. चार असतील तर एक घ्या, पाच असतील तर दोन. बस्स!

खरी गंमत चौघांत

पण चौघं खेळत असतील तर पाढा धाब्यावर बसतो. पोळ्याआधी दोन फळं आहेत आणि पाळी तुमच्या रूममेटची आहे. त्याने दोन्ही घेतली तर पोळं लगेच पुढच्याला, म्हणजे तुम्हाला. त्याने एकच घेतलं, तर उरलेलं एक तुम्ही घेता आणि बळी जातो तुमच्यानंतरचा. म्हणजे तुम्ही कितीही हुशार असा, निकाल रूममेटच्या हातात! तो कुणाला वाचवेल? गेल्या महिन्याचं लाइट बिल कुणी भरलं, मागच्या राउंडला कुणी कुणाला अडकवलं, सगळे हिशोब तिथे निघतात. ‘मी तुला वाचवतो, तू मला वाचव’ असं मधाचं बोट लावणारेही भेटतात. त्यांच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, तुमचं तुम्ही बघा.

आणि हे फुकटचं भांडण नाही बरं का. मिनिगेम जिंकला की १० नाणी मिळतात, आणि पटावर एक स्टार २० नाण्यांना मिळतो. म्हणजे एका पोळ्यावर अर्धा स्टार लागलेला असतो! साहजिकच जो पुढे असतो, त्याच्यावर बाकीच्या तिघांचा डोळा असतो. ऑफिसात प्रमोशन मिळालेल्याला हे वेगळं सांगायला नको.

खेळायचाय?

जुनं निन्टेन्डो ६४ शोधत बसायची गरज नाही. २०२१च्या ‘मारिओ पार्टी सुपरस्टार्स’मध्ये जुने निवडक १०० मिनिगेम्स आहेत, त्यात हाही आहे. तो स्विचवर ऑनलाइनही खेळता येतो.

पण आमचं ऐकाल तर चौघं एकाच सोफ्यावर बसा. कारण पोळं घेताना नव्हे, देताना माणूस ओळखता येतो. आणि ‘सॉरी यार, चुकून दोन लागले!’ म्हणणाऱ्याचा चेहरा बघायला समोरासमोरच असावं लागतं.