प्रोसिडिंग वाचून दाखवा

लोकशाही शिकवावी लागते, हे जर्मनीला फार मोठी किंमत मोजून कळले. फ्रीडरिश नाउमान या उदारमतवादी नेत्याने 1918 मध्ये बर्लिनला नागरिकांना राज्यकारभार शिकवणारी शाळा काढली. पुढच्याच वर्षी तो गेला आणि 1933 मध्ये हिटलर सत्तेवर आला. युद्धानंतर पश्चिम जर्मनीचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर हॉइस हे नाउमानचे शिष्य. त्यांनी 1958 मध्ये गुरूच्या नावाने प्रतिष्ठान उभे केले. आज ते अनेक देशांत काम करते, भारतातही. गुमर्सबाख इथल्या त्याच्या प्रबोधिनीत देशोदेशींचे कार्यकर्ते येत आले आणि व्यक्तिस्वातंत्र्य, कायद्याचे राज्य, स्थानिक स्वराज्य यांवर चर्चा करत आले.

आपल्याकडेही असे प्रयत्न झाले. स्वतंत्र पक्षाचे नेते मिनू मसानी यांनी नाशिकजवळच्या देवळालीत लेस्ली सॉहनी यांच्या नावाने लोकशाहीच्या प्रशिक्षणाचे केंद्र चालवले. शरद जोशींनी शेतकरी संघटनेच्या शिबिरांतून तोच स्वातंत्र्याचा विचार कोरडवाहू शेतकऱ्याच्या भाषेत मांडला. 1986 च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर संघटनेच्या बायकांनी काही गावांत ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत संपूर्ण महिलांची पॅनेल उभी केली. यवतमाळ जिल्ह्यातले मेटीखेडा हे त्यांपैकी एक. महिला आरक्षण घटनेत येण्याआधीची ही गोष्ट.

यवतमाळच्या शेजारच्या वाशीम जिल्ह्यात अशी प्रबोधिनी नाही. 1998 मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला, 2011 च्या जनगणनेत जेमतेम बारा लाख लोकसंख्येचा हा जिल्हा; बहुतेक माणसे खेड्यात आणि सोयाबीन-तुरीवर जगणारी. पण रिसोड, मालेगाव, मानोरा, कुठल्याही तालुक्यात जा, लोकशाहीची शाळा गावातच भरते. ती म्हणजे ग्रामसभा.

तिची तयारी सात दिवस आधी सुरू होते. नोटीस फलकावर लागते, दवंडी फिरते, हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवरही येते. 15 ऑगस्टला झेंडावंदनाला जमलेला गाव तसाच बसतो, म्हणून माणसे दिसतात. 2 ऑक्टोबरला मात्र सोयाबीन सोंगणीला आलेले असते; मजूर मिळाला तर तो दिवस कोण सोडणार? शंभर किंवा एकूण मतदारांच्या पंधरा टक्के, यांपैकी जो आकडा कमी तो कोरम. तेवढी माणसे आली नाहीत की सभा तहकूब. तहकूब सभेला कोरमचे बंधन नाही. गावाचे मोठे निर्णय मूठभर माणसांत होतात ते याच वाटेने, आणि त्यात बेकायदा काहीच नसते.

महिलांची ग्रामसभा आधी घेणे कायद्याने बंधनकारक आहे. तिथे पाणी, दारू, रेशन, अंगणवाडी हे विषय थेट निघतात. मुख्य सभेत त्याच बाया कडेला, पदर सावरून बसतात. 2011 पासून ग्रामपंचायतीत निम्म्या जागा त्यांच्या आहेत. बोलण्याची जागा अजून मिळवावी लागते आहे.

सभेत आवाज चढतो तो दोन विषयांवर: घरकुलाची यादी आणि पांदण रस्ता. कोणाचे नाव वगळले, कोणाचा धुरा रस्त्यात येतो, यावर भावकी एकमेकांसमोर उभी राहते. बाहेरच्या माणसाला तो गोंधळ वाटेल. पण भर सभेत सरपंचाला जाब विचारता येतो, ही साधी गोष्ट नाही.

खरा कस लागतो तो गोंधळ शमल्यावर. ग्रामसेवक (2024 पासून हुद्दा ग्रामपंचायत अधिकारी, गावाच्या तोंडी नाव जुनेच) प्रोसिडिंग लिहितो: विषय क्रमांक, ठराव, सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. कित्येकदा हजेरीपटावर सह्या-अंगठे आधी होतात आणि ठराव नंतर, निवांत लिहिला जातो. सभेत चार जणांनी विरोध केला असला तरी कागदावर ‘सर्वानुमते’ उतरू शकते. पंचायत समितीत बसलेल्या अधिकाऱ्यासमोर तो कागदच जातो, गावात झालेले बोलणे जात नाही.

अशा वेळी मागच्या रांगेतून एखादा म्हातारा उठतो: “काय लिहिलं थे वाचून दाखवा न भाऊ.” एवढ्या एका वाक्याने सभा बदलते. वही मोठ्याने वाचली जाते, कोणी “माझा विरोध लिहा” म्हणतो, खाडाखोड होते, त्यावर सही होते. गुमर्सबाखच्या वर्गात कितीही उत्तम शिकवले तरी विरोध नोंदवून घेण्याचे हे धैर्य आपल्याच गावात, आपल्याच नात्यागोत्यात दाखवावे लागते, आणि ते तिथेच सर्वांत अवघड असते.

पुढची ग्रामसभा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट किंवा 2 ऑक्टोबर, यांतल्या ज्या तारखेला असेल, त्या दिवशी जा. मागच्या सभेचे प्रोसिडिंग आधी वाचायला लावा. आजचे ठराव सगळ्यांसमोर वाचून होईपर्यंत जागचे उठू नका.