कॅलेंडरवरचे खाडे

मैत्रिणींनो, भिशीला किंवा हळदी-कुंकवाला चार जणी जमल्या की पाच मिनिटांत गाडी कुठे येते, सांगा बरं? "तुमची बाई कशी आहे गं?" मग काय! कोपऱ्यातला केर तसाच, फरशी नुसती ओली करून जाते, बोललं की दुसऱ्या दिवशी खाडा. मीही या गप्पांत वर्षानुवर्षं हिरिरीनं बोलले आहे. म्हणून आज आधी माझीच गोष्ट.

माझं सासर बारामती, माहेर इंदापूर. दोन्हीकडे बचत गटांचं काम करते. सात-आठ वर्षांपूर्वी इंदापूरजवळच्या एका गावात गटासमोर 'बाईच्या श्रमाचं मोल' या विषयावर बोलत होते. भाषण अगदी रंगलं होतं. शेवटी मागं बसलेली एक आजी म्हणाली, "ताई, तुमच्याकडं कामाला बाई आसंलच की. तिला म्हैन्याला सुट्ट्या किती?"

मला उत्तर देता येईना. कारण त्याच महिन्यात मी आमच्या मावशींचे तीन खाडे कालनिर्णयवर लाल पेनानं मांडून बाराशेतले १२० रुपये कापले होते. मावशी तापानं पडल्या होत्या. पैसे मोजून त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून आल्याच नाहीत. सहा वर्षांचं माणूस १२० रुपयांत घालवलं मी!

पुढे माझ्या वाचनात आलं की पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला, तो नेमका याच कारणावरून. आजारपणात खाडे झाले म्हणून एकीला कामावरून काढलं, आणि तिच्या जागी जायला बाकीच्या तयार होईनात. त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारी सुट्टी, दिवाळीला बोनस या मागण्या तेव्हापासूनच्या. आणि मी इतक्या वर्षांनी लाल पेन घेऊन बसले होते.

कापलेले पैसे घेऊन मावशींच्या घरी गेले. त्यांनी चहा दिला, पैसे घेतले, आणि "बघू वहिनी" एवढंच म्हणाल्या. मध्यंतरी दोन बायका लावून पाहिल्या, दोघी टिकल्या नाहीत. दिवाळीनंतर मावशी स्वतःहून आल्या. या वेळी मात्र आम्ही दोघींनी सगळं घर फिरून काम ठरवलं. आपण "केर-फरशी" असा एक शब्द टाकतो, पण त्यात गॅलरी येते का, जिना येतो का, पलंग सरकवायचा का, हे आपल्या मनात असतं, तिला कसं कळणार? रोजचं काय ते ठरलं. पंखे, जाळ्या, खिडक्या शनिवारी, आणि त्या दिवशी भांडी मी घासते. वेळ वाढत नसेल तर काम वाढवायचं नाही, ही मावशींचीच अट. मला पटली.

गुडघे दुखायचे म्हणून लांब दांड्याचा मॉप आणला. आमच्या सासूबाई म्हणाल्या, "मॉपनं कुठं फरशी निघते?" निघते, दोनदा पाणी बदललं तर. पूर्वी एकाच बादलीतल्या काळ्या पाण्यानं सगळं घर पुसलं जायचं आणि बोल बाईला लागायचा.

एक प्रसंग मात्र जिवावरचा. आमच्याकडे बोअरचं पाणी जड, नळांवर, टाइल्सवर पांढरे थर बसतात. मी ॲसिडची बाटली आणून दिली आणि बाजारात गेले. मावशींनी बाथरूममध्ये आधीच ब्लिचिंग पावडर टाकलेली होती, त्यावरच ॲसिड ओतलं. मी आले तेव्हा त्या अंगणात बसून खोकत होत्या, डोळ्यांतून धारा. या दोन्हींच्या मिश्रणातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. मी बी. ए.वाली, मला तरी कुठं माहीत होतं? पण बाटली मी आणली होती, तिच्यावरची सूचना वाचून सांगणं माझं काम होतं. आता नळांना व्हिनेगरचं फडकं थोडा वेळ गुंडाळतो आणि मग घासतो. तेही ब्लिचिंगसोबत कधीच नाही. शहाबादी आणि संगमरवरी फरशीवर तर लिंबूसुद्धा नको, दगड खातं ते.

चूक दिसली तर तिथंच, त्याच वेळी, शांतपणे दाखवते. पाहुण्यांसमोर नाही. आणि खिडकीत पालथा घातलेला तो कान तुटलेला 'बाईचा कप' फेकून दिला. आपल्यातल्या कित्येकींच्या घरी तो अजून आहे, खरं ना?

अजून एक. आपल्या राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात नाव नोंदवता येतं, आणि त्यासाठी ती जिथं काम करते त्या घराचा दाखला लागतो. तो लिहून देताना मी पण क्षणभर घुटमळले होते, उगाच काही अंगाशी आलं तर? नवऱ्यानं हसून पेन हातात दिलं.

सगळं सुरळीत झालं असं नाही हं. परवाच सोफ्याखालच्या केरावरून आमचं वाजलं. आणि आषाढात तुकाराम महाराजांची पालखी बारामतीत मुक्कामाला येते तेव्हा दर वर्षी पेच असतो. आमच्याकडे वारकऱ्यांची पंगत, मला हात हवे असतात, आणि मावशींना त्याच दिवशी सुट्टी हवी. गेल्या वर्षी मी म्हटलं, "मावशी, एवढा एक दिवस या ना." त्या म्हणाल्या, "वहिनी, माझ्या घरी पण सात वारकरी जेवायला हायेत."

भांडी रात्री मी आणि नवऱ्यानं घासली. कालनिर्णयवर आता सुट्टीची खूण मावशी स्वतः करतात, निळ्या पेनानं.