शिडाखालची शाळा

भंडारा हा तलावांचा जिल्हा. पवनी तालुक्यातल्या कोंढ्याहून वैनगंगाही फार लांब नाही. तिचं पाणी वर्धेला मिळून प्राणहिता होतं, सिरोंचाजवळ गोदावरीत जातं आणि बंगालच्या उपसागराला पोचतं. डोंगा चालवणारे ढिवर या भागात पिढ्यान् पिढ्या आहेत. तरीही बारावीनंतर काय, या चर्चेत इथल्या घरांत जहाजाचं नाव सहसा निघत नाही.

शंभर वर्षांपूर्वी ते देशात कुठेच निघत नव्हतं. व्यापारी जहाजांवर भारतीय माणूस खलाशी म्हणून चाले, अधिकारी म्हणून नाही. १९२३ साली नेमलेल्या मर्कंटाईल मरीन कमिटीने प्रशिक्षण जहाजाची शिफारस केली आणि १९२७मध्ये मुंबई बंदरात ‘डफरिन’ हे जुनं सैनिकवाहू जहाज शाळा बनलं. मिसरूडही न फुटलेली पोरं तिथे राहू लागली. झोळीत झोपायचं, डेक घासायचा, गाठी मारायच्या आणि त्याच दिवशी गणितही सोडवायचं. पहिल्याच तुकडीतले रामदास कटारी १९५८मध्ये पहिले भारतीय नौदलप्रमुख झाले. ‘डफरिन’ची जागा १९७२मध्ये ‘राजेंद्र’ने घेतली आणि १९९३पासून तो वारसा नवी मुंबईतली ‘चाणक्य’ ही संस्था चालवते.

‘डफरिन’ मात्र नांगरलेलं होतं. वाऱ्यावर चालणारी शाळा गोव्यात बांधली गेली. गोवा शिपयार्डची ‘तरंगिणी’ १९९७ साली नौदलात आली. लांबी ५४ मीटर, डोलकाठ्या तीन, शिडं वीस. २००३-०४मध्ये तिने पृथ्वीप्रदक्षिणा केली. तिची बहीण ‘सुदर्शिनी’ २०१२मध्ये दाखल झाली.

दोघींनाही इंजिन आहे. मग अठरा-वीस वर्षांच्या कॅडेटला डोलकाठीवर का चढवायचं? उत्तर कामाच्या पद्धतीत आहे. चढायचं ते वाऱ्याच्या बाजूने, म्हणजे वारा माणसाला दोरशिडीवर दाबून धरतो. दुसऱ्या बाजूने तोच वारा ओढून काढेल. वर परबाणाखाली, म्हणजे शिडाच्या आडव्या काठीखाली, ताणलेल्या दोरावर पाय रोवायचे, कमरेचा पट्टा अडकवायचा आणि ओळीतल्या सगळ्यांनी एकाच वेळी कापड ओढायचं. एकाने हात आखडता घेतला तर शीड फडफडून सगळ्यांच्याच हातून सुटतं. इथे गुणपत्रिकेची वाट पाहावी लागत नाही. चूक त्याच क्षणी दिसते आणि ती सगळ्यांची असते.

पहाऱ्याचंही तसंच. चार तास काम, आठ तास सुट्टी, अशा तीन टोळ्या. दिवसाचे सहा पहारे झाले तर एका टोळीच्या नशिबी रोजच मध्यरात्र येईल. म्हणून संध्याकाळचे चार ते आठ दोन-दोन तासांत विभागतात. पहारे सात होतात, पाळी रोज सरकते आणि गैरसोय सगळ्यांच्या वाट्याला सारखी येते. घरात एकुलतं एक वाढलेल्या मुलाला हा हिशेब पटायला वेळ लागतो. त्यात उलट्यांनी पोट ढवळलेलं आणि गोडं पाणी मोजून वापरायचं.

या शिक्षणात धोका आहे, आणि तो लपवू नये. सप्टेंबर १९५७मध्ये ‘पामीर’ हे जर्मन प्रशिक्षण जहाज अटलांटिक महासागरात अझोर्स बेटांच्या नैऋत्येला चक्रीवादळात बुडालं. ८६ जणांपैकी सहा वाचले. मृतांत बहुसंख्य कोवळे कॅडेट होते. जवाचा सुटा माल एका बाजूला सरकला आणि जहाज कलंडलं. शिस्तीचा एकेक नियम अशा किमतीने आला आहे. ‘तरंगिणी’सारखी आजची जहाजं माल वाहतच नाहीत, फक्त शिकवतात.

आणि ही शाळा फक्त किनाऱ्यावरच्यांची नाही. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित असेल तर एनडीए, नौदलाची एझिमला अकादमी आणि मर्चंट नेव्ही हे रस्ते कोंढ्यालाही खुले आहेत. २०२२पासून एनडीएत मुलीही आहेत. एनसीसीच्या नौदल शाखेत शाळा-कॉलेजची मुलं वल्ही मारायला आणि शीड लावायला शिकतात. त्यासाठी समुद्रच लागतो असं नाही, तलावही चालतो.

म्हणून मागणी माफक आहे. भंडाऱ्यातल्या एखाद्या मोठ्या तलावावर शिडाच्या दोन छोट्या होड्या, पुरेशी लाइफ जॅकेटं आणि पोहणं शिकवणारा जाणता माणूस. त्यातून सगळे नौदलात जाणार नाहीत आणि जायलाही नकोत. पण पाण्याच्या काठी वाढलेल्या पोरांनी वारा वापरायला शिकावं, एवढी सोय जिल्ह्याला परवडण्यासारखी आहे.